सागरकिनाऱ्याने सांतियागोकडे: हलकी पाठ, नेमकी चाल

रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात अलीकडे एक प्रश्न आम्हांला वारंवार ऐकू येतो. "फादर, कामिनो चालायचा आहे, पण रजा दोनच आठवड्यांची आहे. जमेल का?" विचारणाऱ्यांमध्ये परिचारिका असतात, शिक्षक असतात, बँकेत नोकरी करणारे तरुण असतात आणि नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थही असतात. एवढ्या लांबचा प्रवास, बेताची रजा आणि कष्टाने साठविलेला पैसा पणाला लावून निघालेला माणूस अर्ध्या वाटेतून परतला, तर त्याच्या मनाला ती रुखरुख दीर्घकाळ राहते. आम्ही हे अनुभवाने सांगतो, कारण पहिल्या खेपेस आम्ही स्वतः अर्ध्या वाटेतून परतलो होतो. म्हणून या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

उत्तर थोडक्यात असे: जमेल, परंतु पायांच्या जोरावर नव्हे. पाठीवरचे ओझे कमी केले आणि दिवसांची आखणी प्रामाणिकपणे केली, तर वेग आपोआप येतो.

ही वाट कोणती?

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रांतात सांतियागो दे कोम्पोस्तेला हे नगर आहे. तेथील कॅथेड्रलमध्ये थोरले प्रेषित संत याकोब ह्यांची कबर असल्याची परंपरा आहे. मध्ययुगापासून युरोपच्या कानाकोपऱ्यांतून भाविक तेथे पायी येत आले. 'कामिनो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी 'वाट' असा आहे. १९८७ मध्ये युरोपीय परिषदेने या वाटांना युरोपचा पहिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. २०२४ या एका वर्षात सुमारे ४ लाख ९९ हजार यात्रेकरूंनी सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयातून यात्रापूर्तीचे प्रशस्तिपत्र घेतले.

या अनेक वाटांपैकी पोर्तुगालच्या पोर्तो शहरातून समुद्रकिनाऱ्याने उत्तरेकडे जाणारी वाट आम्ही येथे घेतली आहे. तिची लांबी सुमारे २७० किलोमीटर आहे. आळंदी ते पंढरपूर हे अंतर साधारण २५० किलोमीटर आहे हे लक्षात घेतल्यास मराठी वाचकाला तिचा अंदाज येईल. माउलींच्या पालखीबरोबर वारकरी ते अंतर सुमारे तीन आठवड्यांत चालतात. आपल्याला तेवढीच मजल दहा-अकरा दिवसांत मारायची आहे. म्हणजे ही चाल वेगवान आहे हे आधीच ओळखून असावे.

वसईकरांना ही वाट परकी वाटत नाही. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या काळाचे अवशेष आपल्या किल्ल्यात आहेत, तसेच आपल्या जिभेवरही आहेत. पाव, बटाटा, साबण, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले. विला दो कोंदच्या एखाद्या दुकानात साबण मागताना आम्हांला शब्दकोश उघडावा लागला नाही. आगाशीचे चर्च संत याकोबांच्याच नावाने आहे. शिवाय अरबी समुद्र आपल्या पश्चिमेला, तसा अटलांटिक महासागर तेथे पश्चिमेला. वसईहून अर्नाळ्याकडे किनाऱ्याने चालताना समुद्र जसा डाव्या हाताला राहतो, तसाच तो पोर्तोहून निघालेल्या यात्रेकरूच्याही डाव्या हाताला राहतो. वाट चुकण्याची भीती त्यामुळे निम्मी कमी होते.

उरलेली निम्मी भीती पिवळे बाण घालवितात. वाटेवरच्या भिंती, दगड, विजेचे खांब यांवर पिवळ्या रंगाचे बाण रंगविलेले असतात. ही पद्धत १९८४ मध्ये एलियास वालिन्या या धर्मगुरूंनी सुरू केली. डोंगरावरच्या ओ सेब्रेइरो या लहानशा धर्मग्रामाचे ते प्रमुख धर्मगुरू होते. एका ग्रामीण धर्मगुरूच्या हातातील रंगाच्या डब्याने आज लाखो लोकांना वाट दाखविली आहे.

आमची पहिली फजिती

पहिल्या खेपेस आमच्या सॅकचे वजन साडेअकरा किलो होते. तीत चार शर्ट, जाड स्वेटर, दोन पुस्तके, भल्या मोठ्या टॉर्चसह दोन जादा सेल, औषधांचा डबा आणि एका भगिनीने प्रेमाने दिलेली लोणच्याची बरणी एवढे सारे होते. "असू द्या फादर, कुठे लागलेच तर!" असे प्रत्येकाने म्हटले आणि आम्ही प्रत्येकाचे ऐकले.

त्यावर आणखी एक चूक केली. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात पोर्तोच्या कॅथेड्रलपासून थेट पोव्होआ दे वार्झिमपर्यंत, म्हणजे ३८ किलोमीटर चाललो. दुसऱ्या दिवशी उजव्या पायाची नडगी ठणकू लागली. तिसऱ्या दिवशी वियाना दो कास्तेलोच्या लांबच लांब पुलावरून आम्ही अक्षरशः फरफटत गेलो. गुस्ताव्ह आयफेल ह्यांच्या कंपनीने बांधलेला आणि १८७८ मध्ये खुला झालेला तो लोखंडी पूल पाहण्याची आमची फार इच्छा होती. प्रत्यक्षात आम्ही फक्त कठडा पाहिला, कारण आमचे दोन्ही हात त्यावर होते. दवाखान्यातील डॉक्टरांनी दहा दिवस विश्रांती सांगितली. आम्ही आगगाडीने पोर्तोला परतलो. लोणच्याची बरणी न उघडता परत आली.

त्या परतीच्या प्रवासात एक गोष्ट उमगली. सॅकमधील प्रत्येक जादा वस्तूमागे आमची कोणती ना कोणती धास्ती होती: थंडीची, अंधाराची, आजाराची, उपासमारीची, रिकाम्या वेळेची. आम्ही त्या धास्तीच पाठीवर घेऊन निघालो होतो. आपल्या शिष्यांना गावोगाव पाठविताना प्रभूने वाटेसाठी फारसे काही घेऊ नका असे बजावले होते. त्यावर आम्ही अनेकदा प्रवचन दिले आहे. त्याचा अर्थ मात्र वियानाच्या स्थानकावर कळला.

वजनाचे गणित

अनुभवी पदयात्रींमध्ये एक ठोकताळा रूढ आहे. पाठीवरचे वजन स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे. ६५ किलोच्या माणसाने साडेसहा किलोपुढे जाऊ नये. पाऊल सरासरी पाऊण मीटरचे धरले, तर २७० किलोमीटरमध्ये साडेतीन लाखांहून अधिक पावले पडतात. एक जादा किलो म्हणजे तोच किलो साडेतीन लाख वेळा गुडघ्यावर घेणे होय.

दुसऱ्या खेपेस आम्ही स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एकेक वस्तू मोजली. तो हिशेब असा: सॅक ९०० ग्रॅम, उन्हाळी स्लीपिंग बॅग ६०० ग्रॅम, अंगावरचा सोडून एक जादा जोड, मोजे आणि पातळ गरम जाकीट मिळून १,२०० ग्रॅम, पावसाचा पोंचो ३०० ग्रॅम, मुक्कामी घालायच्या चपला ३०० ग्रॅम, औषधे व मलमपट्टी २५० ग्रॅम, साबण, दंतमंजन व पातळ टॉवेल ३५० ग्रॅम, मोबाइल, चार्जर व पॉवर बँक ५०० ग्रॅम, कागदपत्रे १५० ग्रॅम, सेफ्टी पिना, दोरी, छोटा टॉर्च इत्यादी १५० ग्रॅम. एकूण ४ किलो ७०० ग्रॅम. एक लिटर पाणी आणि थोडा खाऊ धरून वजन ६ किलोंच्या आसपास राहिले.

सॅक निवडताना मोठी घेऊ नये. सॅकमध्ये जागा असली की ती भरण्याचा मोह होतोच. ३० ते ३५ लिटरची पुरे. तिचा कमरपट्टा मजबूत असावा, कारण वजन खांद्यांवर न येता कमरेवर यायला हवे. कपडे सुती नसावेत. सुती कपडा घामाने भिजतो आणि सकाळपर्यंत वाळत नाही. लवकर वाळणाऱ्या कापडाचे दोन जोड, एक अंगावर व एक सॅकमध्ये, एवढे पुरतात. मुक्कामी पोहोचल्यावर स्नान करून कपडे धुवायचे आणि दोरीवर टाकायचे, हा रोजचा नेम. वाटेवर दर काही किलोमीटरवर गाव आहे, औषधांचे दुकान आहे, किराणा आहे. जे तेथे विकत मिळते, ते घरून वाहून नेण्यात शहाणपण नाही. याला अपवाद स्वतःच्या नेहमीच्या औषधांचा. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी पूर्ण प्रवासाची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवलीच पाहिजे.

दुसऱ्या खेपेस आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सोबत होता. त्याच्या सॅकमध्ये दिवंगत आईची जपमाळ होती. काट्यावर ती २२ ग्रॅम भरली. त्याने विचारले, "ही ठेवू ना, फादर?" त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने पॉवर बँक आणि जादा बूट बाहेर काढले होते. काय टाकायचे हे ठरविताना काय टाकायचे नाही हेही आपोआप ठरत जाते.

पाय आणि पादत्राणे

किनाऱ्याची वाट म्हटली की पुळणीतून चालणे डोळ्यांपुढे येते. वस्तुतः वाळूतून चालणे क्वचितच असते. वाळूच्या टेकड्या व त्यांवरील वनस्पती जपण्यासाठी पोर्तुगालच्या किनाऱ्यावर मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांच्या वाटा घातल्या आहेत. त्याखेरीज दगडी फरसबंदी, डांबरी रस्ते आणि काही ठिकाणी रानवाटा लागतात. म्हणून गिर्यारोहणाचे जड, घोट्यापर्यंतचे बूट येथे अनावश्यक ठरतात. चांगल्या तळव्याचे, धावण्याच्या बुटांसारखे हलके बूट उत्तम. चालून चालून पाय सुजतो, म्हणून ते नेहमीपेक्षा अर्धा ते एक माप मोठे घ्यावेत. नवे बूट घालून निघणे हा सर्वांत मोठा अविचार होय. किमान दोन महिने ते पायात असावेत.

फोड हा या वाटेवरील सर्वांत सामान्य शत्रू आहे. ओलावा, उष्णता आणि घर्षण या तिहींतून तो जन्मतो. सकाळी पायांना व्हॅसलीन चोळावे, मोजे लोकरीचे पातळ असावेत, दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवावेत. कोठे चुरचुरू लागले तर 'पुढच्या गावात पाहू' असे न म्हणता तेथेच बसून चिकटपट्टी लावावी. पाच मिनिटांचा हा थांबा दोन दिवस वाचवितो. वेगाने जाऊ इच्छिणाऱ्याने थांबण्याची कला आधी शिकावी लागते, ती अशी.

दहा दिवसांची आखणी

आमची दुसऱ्या खेपेची आखणी पुढे देत आहोत. अंतरे स्थूलमानाने आहेत.

आगमनाची दुपार: पोर्तो कॅथेड्रल ते मातोझिन्योश, ११ कि.मी. दोउरो नदीच्या काठाने समुद्रापर्यंत. पाय मोकळे करण्यासाठीच.

दिवस १: विला दो कोंद, २३ कि.मी. बहुतेक वाट फळ्यांची. नदीकाठी सांता क्लारा मठाची भव्य वास्तू.

दिवस २: एश्पोझेंद, २५ कि.मी. वाटेत आपुलिया, जेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या समुद्रशेवाळ गोळा करून शेतात खत म्हणून घालीत.

दिवस ३: वियाना दो कास्तेलो, २५ कि.मी. पुलावरून नगरात प्रवेश.

दिवस ४: कामिन्या, २७ कि.मी., आणि शक्य झाल्यास त्याच दुपारी होडीने मिन्यो नदी ओलांडून पुढे ४ कि.मी. आ ग्वार्दा.

दिवस ५: बायोना, ३० कि.मी. वाटेत ओया येथे थेट समुद्राच्या काठावर उभा असलेला सिस्टर्शियन मठ. कोलंबसाच्या ताफ्यातील 'पिंता' हे जहाज नव्या जगाची वार्ता घेऊन १ मार्च १४९३ रोजी बायोनाच्याच बंदरात आले होते.

दिवस ६: विगो, २६ कि.मी. मासेमारीचे मोठे बंदर.

दिवस ७: आर्कादे, २२ कि.मी. वाटेत रेदोन्देला येथे पोर्तुगालहून येणारी आतल्या बाजूची वाट मिळते. गर्दी येथून वाढते.

दिवस ८: काल्दास दे रेइस, ३४ कि.मी. वाटेत पोन्तेवेद्रा. तेथील यात्रेकरूंच्या मातेचे मंदिर शिंपल्याच्या आकाराच्या पायावर उभे आहे.

दिवस ९: पाद्रोन, १९ कि.मी. संत याकोबांचा देह घेऊन आलेली नाव ज्या खांबाला बांधली असे परंपरा सांगते, तो दगड येथील चर्चच्या वेदीखाली आहे.

दिवस १०: सांतियागो, २५ कि.मी.

या आखणीत एक तत्त्व आहे. सर्व दिवस सारखे नाहीत. सुरुवात हलकी आहे, मोठी मजल शरीर सरावल्यानंतर आहे, आणि सर्वांत लांब दिवसानंतर मुद्दाम सोपा दिवस ठेवला आहे. हलक्या सॅकनिशी माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो, पण थांबे धरून सरासरी चारच पडते. म्हणजे २५ किलोमीटरला सव्वासहा तास. सकाळी साडेसहाला निघालेला यात्रेकरू दुपारी एकच्या सुमारास मुक्कामी पोहोचतो. याला दोन कारणांनी महत्त्व आहे. पहिले असे की, सार्वजनिक यात्रीनिवासांत सामान्यतः आधी जागा राखून ठेवता येत नाही, जो आधी येईल त्याला खाट मिळते. दुसरे कारण वाऱ्याचे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर दुपारनंतर उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. पोर्तुगीज त्याला 'नोर्तादा' म्हणतात. आपले तोंड उत्तरेकडेच असल्याने तो समोरून येतो आणि हलक्या माणसाचाही वेग खाऊन टाकतो.

हवामानाच्या दृष्टीने मे, जून व सप्टेंबर हे महिने उत्तम. हिवाळ्यात गालिसियात पाऊस फार. वादळांनंतर फळ्यांची वाट काही ठिकाणी बंद असते. तेव्हा गावांतून जाणारी आतली, बाणांची वाट धरावी. अटलांटिकचे पाणी थंड असते आणि लाटा दांडग्या असतात. चालून तापलेल्या अंगाने अनोळखी ठिकाणी पाण्यात उतरू नये.

मिन्यो नदीचे पाणी

संपूर्ण आखणीतील सर्वांत नाजूक जागा म्हणजे कामिन्याची नदी. मिन्यो नदी येथे पोर्तुगाल व स्पेन यांची सीमा आहे. तिच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, म्हणून ओहोटीला होड्यांची अडचण होते. वारा फार असला तरीही त्या निघत नाहीत. लहान होड्यांतून यात्रेकरूंना पलीकडे पोहोचविणारे लोक आहेत. पण भरती कधी, होडी कधी, याची चौकशी आदल्या दिवशी वियानातच करावी. अर्नाळ्याच्या कोळ्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही: भरती-ओहोटी आपल्या रजेचा विचार करीत नाही.

आणखी एक बारकावा. स्पेनचे घड्याळ पोर्तुगालच्या एक तास पुढे आहे. दुपारी तीनला कामिन्याहून निघून वीस मिनिटांत पलीकडे उतरलात, तरी तेथे चार वाजून वीस मिनिटे झालेली असतात. यात्रीनिवासातील खाट त्या एका तासात हुकू शकते.

होडी मिळालीच नाही तर? तर नदीच्या काठाने उलट आत, वालेंसापर्यंत सुमारे २७ किलोमीटर चालावे व जुन्या पुलावरून स्पेनमधील तुई गाठावे. तेथून आतली वाट रेदोन्देलापर्यंत जाते. समुद्र हुकतो, यात्रा हुकत नाही. असा पर्याय आधीच ठाऊक असला, म्हणजे नदीकाठी उभे राहून चिडचिड होत नाही.

एक दिवस रिकामा

आमच्या आखणीत अकरावा दिवसही होता. त्यापुढे काहीही लिहिलेले नव्हते. रजेचा एकेक दिवस मोलाचा असताना एक दिवस मोकळा सोडणे अनेकांना उधळपट्टी वाटते. आमच्या मते हाच दिवस सर्वांत किफायतशीर ठरतो. पाय दुखावला, होडी चुकली, पाऊस कोसळला, तर हा दिवस यात्रा वाचवितो. आमच्या सोबत्याच्या टाचेला आठव्या दिवशी सकाळीच मोठा फोड आला. ३४ किलोमीटरचा तो दिवस आम्ही दोन भागांत तोडला. पोन्तेवेद्रात बारा किलोमीटरवरच थांबलो. ती दुपार आम्ही यात्रेकरूंच्या मातेच्या मंदिरात बसून घालविली. जपमाळ त्याच्या हातात होती. तो काही बोलला नाही, आम्हीही काही विचारले नाही.

ज्यांच्याकडे हा राखीव दिवस काढण्याइतकीही रजा नाही, त्यांनी वेग वाढविण्याऐवजी वाट आखूड करावी. प्रशस्तिपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालणे आवश्यक असते. विगोहून सांतियागो साधारण तेवढेच आहे. पाच-सहा दिवसांत ते शांतपणे होते. ज्येष्ठांनी सॅक पुढच्या मुक्कामी गाडीने पोहोचविणाऱ्या सेवेचा लाभ घेण्यात कमीपणा मानू नये.

तयारी घरच्या किनाऱ्यावर

निघण्यापूर्वी किमान आठ आठवडे सराव हवा. आठवड्यातून चार दिवस पाच-सहा किलोमीटर, आणि रविवारी सकाळच्या मिस्सानंतर दहा. दर आठवड्याला रविवारचे अंतर दोन-दोन किलोमीटरने वाढवावे. शेवटच्या तीन आठवड्यांत सॅक पूर्ण भरून चालावे. सुरुचीबाग, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा हा आपला किनारा सरावाला उत्तम आहे. एका दिवशी वीस किलोमीटर चालणे फारसे अवघड नसते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच चालण्यात असते. म्हणून निघण्यापूर्वी एकदा तरी शनिवार-रविवार लागोपाठ वीस-वीस किलोमीटर चालून पाहावे. सोमवारी सकाळी जे अवयव दुखतील, तेच वाटेवर दुखणार आहेत. त्यांचा उपाय घरीच शोधावा.

कागदपत्रे, निवास, खर्च

दोन्ही देश शेंगेन व्यवस्थेत असल्याने एकच व्हिसा लागतो. ज्या देशात अधिक रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करावा. वरील आखणीत स्पेनच्या रात्री अधिक भरतात. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा बंधनकारक आहे. मुक्कामाची खाट साधारण १० ते २५ युरोंत आणि दिवसाचे ठरलेले जेवण १० ते १५ युरोंत मिळते. यात्रीनिवासांत रात्री दहाला दिवे मालवतात. खाटेवर अंथरूण पसरण्यापूर्वी गादीच्या शिवणी पाहून घ्याव्यात. ढेकूण तेथेही आहेत. संकटसमयी ११२ हा दूरध्वनी क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

'क्रेदेन्सियाल' नावाची यात्रापत्रिका पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये मिळते. तीवर चर्च, यात्रीनिवास, उपाहारगृहे येथील शिक्के दररोज किमान दोन घ्यावेत. प्रशस्तिपत्रासाठी हाच पुरावा असतो. २५ जुलै हा संत याकोबांचा सण रविवारी येतो, ते वर्ष पवित्र वर्ष मानले जाते. २०२७ हे तसे वर्ष आहे. त्या वर्षी जाऊ इच्छिणाऱ्यांनी गर्दीचा विचार करून निवासाची तजवीज लवकर करावी.

कॅथेड्रलच्या दाराशी

सांतियागोला पोहोचल्यावर अनेकांना एका नियमाचे आश्चर्य वाटते. पाठीवर सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये प्रवेश दिला जात नाही. ती आधी जवळच्या सामानघरात ठेवावी लागते. सुरक्षेसाठी केलेला हा साधा नियम आहे. आम्ही दोघे बाराच्या यात्रेकरूंच्या मिस्सासाठी रांगेत उभे होतो. आमच्या पुढचा एक थकलेला यात्रेकरू भलीमोठी सॅक घेऊन माघारी फिरला. सामानघर गाठून परत येईपर्यंत आपली जागा जाईल ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर होती. आमच्या मागच्यांनी त्याला खुणेने सांगितले की, जागा राखून ठेवतो. तो गेला आणि परत आला.

आमच्या सॅक आम्ही आधीच ठेवल्या होत्या. सोबत्याच्या खिशात मात्र ते २२ ग्रॅम होते. त्यांना कोणी अडविले नाही.

संत याकोब हे मूळचे कोळी. प्रभूने हाक मारली तेव्हा होडी आणि बाप मागे ठेवून ते निघाले. त्यांच्या कबरीकडे जाणाऱ्याने निघण्यापूर्वी वजनकाटा काढावा, एकेक वस्तू त्यावर ठेवावी आणि स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे: हिची मला गरज आहे, की हिच्यावाचून मला भीती वाटते? या प्रश्नाचे उत्तर देता आले, तर दोन आठवड्यांची रजा पुरेल.

वाटेला लागणाऱ्या आमच्या सर्व बंधुभगिनींना शुभ यात्रा!